न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग : मुंबईचा एक शहाणा माणूस

आपल्या सिनेगॉगच्या स्मरणिकेत दरवेळी आपल्या समाजातील थोर पुरुषांची चरित्रे येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु आपण ज्या मुंबईतून इकडे आलो, ती मुंबई घडविणाऱ्या माणसांचेही आपल्यावर ऋण आहे. तिथले हायकोर्ट, युनिव्हर्सिटी, म्युनिसिपालिटी, टाऊन हॉल या साऱ्या संस्थांशी आपल्या वाडवडिलांचा रोजचा संबंध होता. कोणी तिथे कारकून होते, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर, कोणी वकील. या चारही ठिकाणी ज्यांच्या कामाचा ठसा उमटला, अशा एका गृहस्थाची ओळख आमच्या वाचकांना, आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या नातवंडांना, व्हावी म्हणून हा लेख. त्यांचे नाव न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग. त्यांना आयुष्य लाभले अवघे त्रेचाळीस वर्षांचे. तेवढ्यात ते वकील झाले, कायदेकौन्सिलचे सभासद झाले आणि हायकोर्टाचे न्यायाधीशही झाले. शिवाय मराठी वाचकांसाठी यरुशलेमच्या एका यहुदी व्यापाऱ्याची कथा त्यांनी मराठीत आणली. ती हकीकत पुढे येईलच.

बालपण आणि शिक्षण

काशिनाथपंतांचा जन्म १८५० च्या ऑगस्ट महिन्यात मुंबईत, गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे चुलते त्र्यंबक यांनी त्यांना दत्तक घेतले, म्हणून ते काशिनाथ त्र्यंबक या नावाने ओळखले गेले. पाचव्या वर्षी त्यांना अमरचंद वाडीतील मराठी शाळेत घातले आणि १८५९ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये दाखल झाले. तिथे त्यांना नारायण महादेव परमानंद हे शिक्षक लाभले. परमानंद हे करारी आणि बुद्धिमान गृहस्थ होते. गुरुशिष्यांचे हे नाते पुढे जिवलग मैत्रीत बदलले आणि ते अखेरपर्यंत टिकले. चांगला शिक्षक मिळणे ही आयुष्यातली किती मोठी ठेव असते, हे आपल्यापैकी ज्यांनी जुन्या मुंबईच्या शाळांत धडे घेतले त्यांना वेगळे सांगायला नको.

संस्कृतसाठी असलेली भगवानदास स्कॉलरशिप त्यांनी मिळविली. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते तिथेच फेलो झाले आणि एम. ए. व एलएल. बी. या पदव्या त्यांनी संपादन केल्या. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही भाषांवर त्यांचे सारखेच प्रभुत्व होते. पुढच्या आयुष्यात त्यांनी जे जे केले त्याचा पाया इथेच घातला गेला.

वकिली

त्या काळच्या हायकोर्टाची रचना थोडी समजून घेतली म्हणजे तेलंगांनी काय मिळविले ते नीट कळेल. हायकोर्टाच्या दोन बाजू होत्या. अपील शाखेत वकील काम चालवीत. मुंबई शहरातले मोठे दावे मूळ शाखेत चालत, आणि तिथे उभे राहण्याचा मान विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्यांचा, म्हणजे बहुतेक इंग्रजांचा. विलायतेला न जाता इथेच ॲडव्होकेटची परीक्षा देऊन तो हक्क मिळविण्याची सोय होती, पण परीक्षा कठीण असे. ती वाट प्रथम बाळ मंगेश वागळे यांनी चोखाळली. त्यांच्या मागोमाग तेलंग गेले आणि १८७२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांची सनद नोंदली गेली. आपण पाहिलेली हायकोर्टाची ती दगडी इमारत तेव्हा उभी व्हायची होती. तिथे कामकाज सुरू झाले ते १८७९ च्या जानेवारीत.

हिंदू कायद्याचे मूळ ग्रंथ संस्कृतात. इंग्रज बॅरिस्टरांना ते भाषांतरांवरून समजून घ्यावे लागत. तेलंग उभे राहिले की मिताक्षरा आणि मयूख हे ग्रंथ मुळातून समोर ठेवीत. त्यामुळे त्यांच्याकडे मोठमोठे खटले येऊ लागले. सरकारी नोकरीचा प्रस्ताव त्यांच्यापुढे आला होता, तो त्यांनी नाकारला.

विद्वत्ता

वकिलीत बस्तान बसले की इतर गोष्टींना वेळ राहत नाही असा सर्वसाधारण अनुभव. तेलंगांचे तसे झाले नाही. रामायण हे होमरच्या काव्यावरून घेतले असावे असे मत वेबर या जर्मन पंडिताने मांडले होते. १८७३ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तेलंगांनी त्याचे सडेतोड खंडन प्रसिद्ध केले. भगवद्गीतेवर नव्या कराराची छाया आहे असे लॉरिन्सर या दुसऱ्या जर्मन लेखकाचे म्हणणे होते. त्यालाही उत्तर त्यांनीच दिले. १८७५ मध्ये त्यांनी गीतेचे इंग्रजी पद्यात भाषांतर केले, आणि पुढे १८८२ मध्ये मॅक्स म्युलर यांनी संपादित केलेल्या पौर्वात्य धर्मग्रंथांच्या मालेत गीतेचे त्यांचे गद्य भाषांतर आठवा खंड म्हणून निघाले. भर्तृहरीची शतके आणि विशाखदत्ताचे मुद्राराक्षस यांच्या त्यांनी काढलेल्या आवृत्त्या कॉलेजांतून वाचल्या गेल्या. मराठ्यांच्या बखरींवरचा त्यांचा अभ्यासपूर्ण लेख न्यायमूर्ती रानड्यांच्या मराठी सत्तेच्या इतिहासाला पुरवणी म्हणून जोडलेला आहे. तो ग्रंथ १९०० साली निघाला, तेव्हा तेलंगांना जाऊन सात वर्षे झाली होती.

सार्वजनिक काम

१८८२ मध्ये सरकारने सर्व हिंदुस्थानच्या शिक्षणाची चौकशी करण्यासाठी हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमले. तेलंग त्याचे सभासद होते. या कामाबद्दल त्यांना सी. आय. ई. हा किताब मिळाला. खासगी शाळांना सरकारी अनुदान देऊन उत्तेजन द्यावे, अशी शिफारस या कमिशनने केली. आपल्या समाजापुरते बोलायचे तर हाईम शमुवेल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्राएली शाळा काढली ती १८७५ साली. लहान समाजाने वर्गणी गोळा करून चालविलेल्या अशा शाळांच्या दृष्टीने हे धोरण किती मोलाचे होते, याची कल्पना आपण करू शकतो.

१८८३ साली इल्बर्ट बिलाचे वादळ उठले. युरोपियन आरोपींचे खटले हिंदी न्यायाधीशांपुढे चालावेत की नाही, एवढाच प्रश्न होता, पण गोऱ्या लोकांनी त्यावर देशभर काहूर माजविले. त्याला उत्तर म्हणून एप्रिलमध्ये मुंबईच्या टाऊन हॉलात मोठी सभा भरली आणि तीत तीन तरुण वकिलांची भाषणे गाजली. एक पारशी, फिरोजशहा मेहता. दुसरे मुसलमान, बद्रुद्दीन तय्यबजी. तिसरे हिंदू, तेलंग. तिघांचे धर्म तीन आणि मैत्री एक. लोक त्यांना मुंबईची त्रिमूर्ती म्हणू लागले. या तिघांनी १८८५ च्या जानेवारीत बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसची पहिली बैठक भरली. बहात्तर प्रतिनिधी जमले होते. कायदेकौन्सिलांचा विस्तार करून त्यांत लोकांनी निवडलेले सभासद घ्यावेत, या मागणीचा ठराव तेलंगांनी मांडला.

कायदेकौन्सिलात

हा ठराव मांडताना ते ऐकीव गोष्ट बोलत नव्हते. १८८४ सालीच मुंबई सरकारने त्यांना इलाख्याच्या कायदेकौन्सिलवर नेमले होते. ते कौन्सिल म्हणजे आजच्यासारखे विधिमंडळ नव्हे. सभासद सारे सरकारने नेमलेले. पुढे आलेल्या बिलावर बोलायचे, एवढाच त्यांना अधिकार. अंदाजपत्रकावर चर्चा नाही की सरकारला प्रश्न विचारणे नाही. अशा ठिकाणी आवाज चढवून काही साधत नसे. प्रत्येक कलमाचा अर्थ काय, तो उद्या कोर्टात कसा लागेल आणि त्यात रयतेचे नुकसान कुठे आहे, हे शांतपणे दाखवून दुरुस्ती पदरात पाडून घ्यावी लागे. तेलंगांचा स्वभाव या कामाला योग्य होता. व्हाइसरॉयच्या कौन्सिलवरही त्यांना बोलावणे आले होते, पण ते त्यांनी स्वीकारले नाही.

त्यांच्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम म्हणजे १८८८ चा मुंबई म्युनिसिपालिटीचा कायदा. या बिलावर तेलंग आणि मेहता यांनी कलमागून कलम झुंज दिली आणि शहराचा कारभार नगरवासीयांच्या प्रतिनिधींच्या हाती शक्य तितका राहील असे पाहिले. या कायद्याने बहात्तर सभासदांचे कॉर्पोरेशन झाले. त्यांतले छत्तीस करदात्यांनी निवडायचे, सोळा जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी, दोन युनिव्हर्सिटीच्या फेलोंनी, दोन व्यापारी चेंबरने, आणि सोळा सरकारने नेमायचे. मुंबई महानगरपालिकेचा कारभार अजूनही याच कायद्याच्या पायावर चालतो, मधल्या काळात त्यात कितीही दुरुस्त्या झाल्या असल्या तरी.

वाचकहो, याच कॉर्पोरेशनच्या मेयरच्या खुर्चीवर १९३७ साली आपले डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर बसले. महालक्ष्मीकडून वरळीला जाणारा डॉ. ई. मोझेस रोड आपल्या ओळखीचा आहे. मूठभर लोकसंख्येच्या समाजातला माणूस एवढ्या मोठ्या शहराचा प्रथम नागरिक होऊ शकला, त्यामागे डॉक्टरसाहेबांचे कर्तृत्व तर होतेच, पण ज्या सभागृहात जातीपेक्षा कामाला मान मिळू शकत होता त्या सभागृहाची घडणही होती. ती घडण करणाऱ्यांत तेलंग होते.

रखमाबाईंचा खटला

याच वर्षांत एका खटल्याने सारे हिंदुस्थान हादरले. रखमाबाई या मुंबईच्या तरुणीचे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लग्न लावून दिले होते. मोठी झाल्यावर, न कळत्या वयात झालेल्या लग्नावरून सासरी नांदायला जाण्याचे त्यांनी नाकारले. दादाजींनी हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंच्या बाजूने जे नामांकित वकील उभे राहिले त्यांत तेलंग होते. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला, पण अपिलात तो निकाल फिरला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंना नांदायला जाण्याचा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जाण्याचा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये पैसे घेऊन दादाजींनी तडजोड केली. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या आणि पुढे पुष्कळ वर्षे त्यांनी सुरतेला रुग्णसेवा केली.

न्यायासनावर

१८८९ मध्ये तेलंगांची हायकोर्टाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली. वय होते एकोणचाळीस. हिंदी माणसाला या पदावर बसण्याची संधी त्या काळी क्वचितच मिळे. मान मोठा होता, पण त्याची किंमतही द्यावी लागली. वकिलीतील मिळकत सुटली, कौन्सिल सुटले आणि काँग्रेसचे व्यासपीठ कायमचे सुटले. त्यांच्या राजकीय सहकाऱ्यांना ही हानी जाणवली.

हिंदू कायद्यावरील त्यांचे निकाल प्रमाण मानले गेले. त्यांतला एक सांगण्यासारखा आहे, आणि गंमत म्हणजे त्यात ते हरले. अपाजी नरहर कुलकर्णी विरुद्ध रामचंद्र रावजी कुलकर्णी या खटल्यात फुल बेंचपुढे प्रश्न असा होता, की बाप आपल्या भावांबरोबर एकत्र कुटुंबात राहत असताना, त्याच्या हयातीत आणि त्याच्या इच्छेविरुद्ध, मुलाला वाटणी मागता येते की नाही. बाकीच्या न्यायाधीशांनी येत नाही असा निर्णय दिला. तेलंगांनी एकट्याने वेगळे मत नोंदविले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो हे मिताक्षरेचे तत्त्व एकदा मान्य केले, की वाटणी मागण्याचा हक्क नाकारता येत नाही, अशी त्यांची मांडणी होती. मुंबई इलाख्यात बहुमताचाच नियम चालू राहिला. पण हिंदू कायदा शिकणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या तेलंगांचे ते विरोधी मत वाचावे लागले. अल्पमतात असतानाही आपले म्हणणे नीट कारणांसह लिहून ठेवावे, हा त्यातला धडा.

१८९२ मध्ये ते मुंबई युनिव्हर्सिटीचे व्हाइस-चान्सलर झाले आणि त्याच वर्षी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे अध्यक्षही. या दोन्ही जागांवर त्यांच्यापूर्वी एकही हिंदी गृहस्थ बसला नव्हता. याच युनिव्हर्सिटीत आपले जोसेफ यहेज्केल राजपूरकर हिब्रूचे परीक्षक होते. संस्कृतचे पंडित व्हाइस-चान्सलर आणि हिब्रूचे पंडित परीक्षक, दोघांचीही घरची भाषा मराठी मुलखातली, दोघांनीही परभाषेतील ग्रंथ आपल्या माणसांसाठी मराठीत आणले. राजपूरकरांनी आपली प्रार्थनापुस्तके मराठीत दिली. तेलंगांनी काय दिले, ते आता पाहू.

शहाणा नेथन

लेसिंग या जर्मन नाटककाराने १७७९ साली नेथन नावाच्या यहुदी गृहस्थावर एक नाटक लिहिले. लेसिंगचा स्नेही मोझेस मेंडेल्सोन हाच या नेथनचा नमुना असे मानले जाते. तेलंगांनी ते 'शहाणा नेथन' या नावाने मराठीत आणले. कथा घडते यरुशलेमात, सुलतान सलाउद्दीनच्या काळी. नेथनची बायको आणि सात मुले धर्मवेड्यांच्या कत्तलीत मेलेली असतात. त्या दुःखात असतानाच एक ख्रिस्ती पोरके मूल त्याच्या हाती येते आणि तो तिला पोटच्या मुलीसारखी वाढवितो. एकदा सुलतान त्याला पेचात पकडतो, की यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तीन धर्मांत खरा कोणता. नेथन उत्तरादाखल एक गोष्ट सांगतो. एका घराण्यात एक अंगठी असते, जिच्या गुणाने धारण करणारा देवाला आणि माणसांना प्रिय होतो. बापाचे तीन मुलांवर सारखेच प्रेम, म्हणून तो हुबेहूब आणखी दोन अंगठ्या घडवून घेतो. बाप गेल्यावर खरी कोणाची यावर भांडण लागते आणि ते न्यायाधीशापुढे जाते. न्यायाधीश निकाल देत नाही. तो एवढेच सांगतो, की प्रत्येकाने आपलीच अंगठी खरी असे समजून वागावे आणि तिचा गुण आपल्या आचरणातून दाखवावा.

हिंदू घरात वाढलेल्या, स्वतः न्यायासनावर बसलेल्या माणसाने ही कथा मराठीत आणावी, ही गोष्ट आपल्याला विशेष वाटल्यावाचून राहत नाही. युरोपात आपल्या धर्मबांधवांकडे हेटाळणीने पाहिले जात असताना, मराठी वाचकापुढे तेलंगांनी यहुदी माणूस उभा केला तो शहाणपणाचा आदर्श म्हणून.

बोलणे आणि करणे

आता एक अवघड गोष्ट. ती वगळली तर हे चरित्र खरे होणार नाही. सामाजिक सुधारणेच्या बाबतीत तेलंगांचा मार्ग तडजोडीचा होता. १८८६ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी असे मत मांडले, की राजकीय सुधारणेने सामाजिक सुधारणेसाठी थांबून राहण्याचे कारण नाही, आणि समाजात जिथे विरोध कमी तिथून पुढे सरकावे. १८९१ मध्ये संमतिवयाचे बिल आले, मुलींचे संमतिवय दहावरून बारा करण्याचे. त्याला त्यांनी पाठिंबा दिला. रखमाबाईंची बाजू त्यांनी मांडली होतीच. आणि तरीही १८९३ मध्ये त्यांनी आपल्या स्वतःच्या मुलीचे लग्न कोवळ्या वयात लावून दिले.

त्यावर फार टीका झाली. विरोधकांनी तर केलीच, पण खरा धक्का बसला तो सुधारकांना. मित्रांनी घरच्या माणसांच्या आग्रहाकडे बोट दाखविले. ते खरेही असेल. एकत्र कुटुंबात घरातल्या मोठ्यांचे मन मोडणे किती जड जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ज्या मुलीचे लग्न झाले तिच्या दृष्टीने पाहिले, तर ही सबब पुरी पडत नाही. जी बाजू दुसऱ्याच्या मुलीसाठी त्यांनी कोर्टात मांडली, ती घरच्या उंबरठ्याच्या आत त्यांना मांडता आली नाही. अंगठीच्या गोष्टीतल्या न्यायाधीशाने आचरणाची जी कसोटी सांगितली, त्या कसोटीला हा शहाणा माणूस या एका ठिकाणी उतरला नाही. म्हणून त्यांचे बाकीचे काम खोटे ठरत नाही. पण मोठ्या माणसाचे चरित्र वाचताना त्याची उंची आणि त्याची मर्यादा दोन्ही पाहावी.

अखेर

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची भयंकर दंगल झाली. त्रिमूर्तीच्या शहराला तो मोठा घाव होता. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ सप्टेंबर १८९३ रोजी, तेलंग मुंबईत वारले. त्यांच्या जागी न्यायमूर्ती म्हणून महादेव गोविंद रानडे आले, आणि १९०१ मध्ये रानडे वारल्यावर त्यांच्या जागी नारायण गणेश चंदावरकर. तिघेही विद्वान, तिघेही इलाख्याच्या कायदेकौन्सिलात काम केलेले. तय्यबजीही १८९५ मध्ये न्यायमूर्ती झाले. तेलंगांनी कौन्सिलांच्या सुधारणेची जी मागणी केली होती, तिचा थोडा अंश १८९२ च्या कायद्याने पदरात पडलेला त्यांना पाहायला मिळाला. अंदाजपत्रकावर बोलण्याची आणि प्रश्न विचारण्याची मुभा सभासदांना मिळाली.

आपण मुंबई सोडून इथे आलो त्याला पुष्कळ वर्षे लोटली. यरुशलेम आता आपल्या नातवंडांना सहलीचे ठिकाण आहे, आणि मुंबई त्यांना ऐकीव. त्यांना तिकडच्या गोष्टी सांगताना हीही एक सांगावी, की मराठी बोलणाऱ्या एका न्यायमूर्तींनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी यरुशलेमच्या नेथनला मराठीत बोलते केले. आणि तीन अंगठ्यांची गोष्ट सांगून झाली, की त्यांच्या मुलीची हकीकतही सांगावी. मुले विचारतील ते प्रश्न टाळू नयेत.